अकराव्या दिवसाचा कागद

अकराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत,
त्यांनी नवा कागद आणला.
जुन्यावरच्या सहीची शाई वाळली नसेल अजून,
असं एदुविना म्हणाली, आणि हसली नाही.

केयोनचा धक्का. सामन माशांची फॅक्टरी.
पांढरे रबरी बूट, त्यांत आमचे गारठलेले पाय.
ती माझ्या डाव्या हाताला उभी असायची,
चिमट्यानं काटे उपसायची,
एका तुकड्यात तीस-बत्तीस.
एकही राहत नसे.

जुन्या कागदावर होतं: दिवसपाळी. रविवार मोकळा.
पैसे तासावर. बस दारापासून.
या चार ओळींच्या भरवशावर तिनं
अंकूदच्या शाळेतलं स्वयंपाकाचं काम सोडलं,
लाकडाची शेगडी मेव्हण्याला विकली,
मुलीचं नाव इथल्या शाळेत घातलं.

नव्यावर: रात्रपाळी, गरजेनुसार.
पैसे किलोवर.
बस फाट्यापर्यंत, पुढं चार किलोमीटर
चिखल आणि कुत्री.
बुटांची किंमत तीन हप्त्यांत कापू.
सही शुक्रवारच्या आत.

ओस्वाल्दो वाईट माणूस नाही.
कागद वाटताना तो आमच्या डोळ्यांकडे नाही,
टोप्यांकडे बघत होता.
"वरून आलंय," म्हणाला.
वर ऑफिस. ऑफिसच्या वर पत्रा.
पत्र्यावर समुद्रपक्षी.

मी सही केली.
आत्ताच सांगून टाकते, मागाहून कुणी विचारायला नको.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
इथले मासे तर मेलेले होते,
आणि वैर कुणाशी, ते कागदावर नव्हतं.

एदुविनानं हातमोजा काढला.
कागद टेबलावर सपाट केला
आणि त्यावरून बोट फिरवलं, सावकाश,
उलट्या दिशेनं, माशावर फिरवतो तसं:
डोळ्याला न दिसणारा काटा बोटाला लागतो.
"गरजेनुसार"पाशी बोट थांबलं.
"कुणाच्या?"
एवढंच विचारलं. मोठ्यानंही नाही.

ओस्वाल्दोनं कागद हातात घेतला,
पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा वाचला,
परत ठेवला.

मग सहीच्या रेघेखाली, जिथं जागाच नव्हती तिथं,
तिनं बारीक अक्षरांत लिहिलं:
कागद मिळाला. वेळ एक वाजून दहा.
मान्य नाही.
आणि एक प्रत मागितली.

भोंगा झाला. आम्ही आपापल्या जागी गेलो.

पुढं काय झालं, ते अजून व्हायचंय.
कास्त्रोच्या कामगार कचेरीत तिचा अर्ज आहे,
फाइलला नंबर मिळालाय म्हणे.
ती सध्या कुणाकडे तरी बटाटे काढायला जाते.

माझ्या डाव्या हाताला आता नवी मुलगी.
तिचा आज आठवा दिवस.
तिनं मघाशी विचारलं,
"बस दारापासूनच सुटते ना, नेहमी?"

मी मासा उलटा केला
आणि बोट फिरवत राहिले.