रागावलेला सूर्य

पाकिटावर सूर्य काढला की सकाळ,
चंद्रकोर काढली की रात्र,
ताट काढलं की जेवल्यावर.
अकरा वर्षं या काउंटरवर मी एवढीच चित्रकला केली आहे,
बेलापूरला, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत.
ज्यांना अक्षर येत नाही अशा कुणाचाही डोस
माझ्यामुळे चुकलेला नाही.
निदान कुणी भांडायला आलेलं नाही.

हासूबाई दिवाळ्याहून चालत आली,
डाव्या पायाला लुगड्याचं फडकं.
खाडीत कालवं काढताना शिंपला लागलेला,
त्याला आठ दिवस झाले. आठही दिवस तिनं हळद भरली.
आता लाली पोटरीवर चढली होती
आणि हातात दवाखान्याची चिठ्ठी:
डॉक्सीसायक्लिन, सकाळी एक, रात्री एक, दहा दिवस.

मी सूर्य काढला. चंद्रकोर. ताट.
म्हटलं, मावशी, वर मोठा पेलाभर पाणी प्यायचं,
घोटभर पिऊन निजायचं नाही.
गोळी घेतली की अर्धा तास ताठ बसायचं,
नाहीतर ती गळ्याखाली अडकते
आणि आतल्या आत जाळते.
जोडीला दूध नको. रक्तवाढीची गोळी चालू असेल
तर दोघींची गाठ पडू द्यायची नाही, तीन तास तरी.
अंगावर पुरळ उठलं, दम लागला,
तर गोळी बंद आणि तडक दवाखाना.

"अर्दा तास बसू? मना बसाला कोन देतंय?"

आणि उन्हात जायचं नाही, मी म्हटलं.
ही गोळी पोटात असली की कातडी लवकर भाजते.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग पाठीमागच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल अशी म्हणाली,
"उन्हान नाय जायाचं तं जवला कोन सुकवील? तुजा बापूस?"

सगळे हसले. मीही.
पण पेन हातात तसंच राहिलं.
सूर्य तर मी काढून बसलो होतो.
सूर्य म्हणजे घे.
आता सूर्य म्हणजे टाळ, हे कसं काढायचं?
त्याच्यावर फुली मारावी तर सकाळची गोळीच जाणार.
शेवटी कोपऱ्यात छत्री काढली.
ती म्हणाली, "पावसाला टाइम हाय अजून."

पाकीट कनवटीला लावून ती पायरी उतरली
आणि वळली.
"सुनेचं पन अंग मोडून आलंय कालधरनं.
यातल्या दोन तिला चारल्या तं?"

मी विचारलं, ती दोन जिवांची आहे का?

हासूबाईनं आधी गल्ली बघितली.
"कुनाला सांगलं नाय अजून."

मग मी काउंटरबाहेर आलो. हळू बोललो.
पोटातल्या पोराचं, दातांचं, हाडांचं.
सुनेला दवाखान्यात घेऊन जा, आजच.
ती काही बोलली नाही.
पायरीवर बसून तिनं गोळ्या मोजल्या,
बोटानं एकेक दाबत.
"ईस. माज्याच."

सहाव्या दिवशी आली ती न लंगडता.
"पाय बरा झाला. उरल्यात त्या परत घे, पैशे दे."
मी परत घेतल्या नाहीत.
पाय बरा दिसतो, आतलं अजून बरं नाही,
डॉक्टरनं दहा सांगितलेत, दहा संपवायचे.
हे माझं रोजचं पाठांतर.
ते ऐकताना तिनं हात काउंटरवर ठेवले.

मनगटाच्या खाली दोन्ही हात तांबडे,
हातमोजे घातल्यासारखे.
जवळा उलथायला ऊन लागतं
आणि हातही तिथंच लागतात.

मी मलम काढलं. लांब बाह्यांचं बोललो,
हात डॉक्टरला दाखव म्हणालो.
ती पाकिटावरच्या छत्रीवर नख घासत होती.
"ही कल्ली नाय मना.
सूर्यालाच तोंड काडाचं होतं.
रागावलेला."

तेव्हापासून या गोळीच्या पाकिटावर मी दोन सूर्य काढतो.
एक साधा.
एक भुवया ताणलेला.
लोक हसतात, विचारतात, मग मला सांगावंच लागतं.

भुवया अजून नीट जमत नाहीत.