वरवंटा

विळी मी माळ्यावर टाकली होती,
कात्री सुताराकडं दिली.
वरवंट्याचं ध्यानातच आलं नाही.

सर्जा तीन रात्री झोपला नव्हता.
सीपीआरच्या खिडकीत म्हणाले,
डॉक्टर रजेवर, मंगळवारी या.
आई म्हणाली, अमावस्या जाऊ दे,
मग बघू.
मी रिक्षा परत पाठवली.
भाडं मात्र दिलं.

मंगळवारच्या आधी रविवार आला,
आणि दूध घालायला चौगुल्यांची मंदा.

कळंब्याच्या दारात विचारतात, नातं?
लिहिते, बहीण.
त्याच्या गोळ्या मिळतात का,
कुणालाच नीट माहीत नाही.

मंदाची आई गल्लीत समोरून येते,
पदर सावरते, बाजूला होते.
एकदा तरी शिव्या घाल की, मावशे.

वरवंटा पोलिसांत जमा आहे.
पाटा घरातच.
आई रोज धुते,
वाटत काहीच नाही त्यावर.