बाणाचा रकाना

सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला
किमलेंग पायऱ्या उतरते.
एकोणीस. मग चिखल, मग पट्टी,
शेवाळलेली, पाण्यात कमरेपर्यंत.
आकडा वहीत. आकड्यापुढे बाण.

बाण महत्त्वाचा,
कारण ही नदी वर्षातून दोनदा मन बदलते.
कोरड्या महिन्यांत तोनले साप तळ्यातून खाली, मेकाँगकडे;
मेकाँग फुगली की तीच हिला मागे लोटते,
पाणी आल्या वाटेने वर चढतं,
तळं पाचपट होतं, रानात शिरतं,
झाडं गळ्यापर्यंत बुडून उभी राहतात
आणि चैत्रात जिथे पोरं फांद्यांवर बसली होती
तिथे मासे फळं खात हिंडतात.
शाळेच्या नकाशावर हिचं तोंड कुठे दाखवायचं
ते मास्तरांना कधी ठरवता आलं नाही.

वही आधी पिरुनची.
पिरुन, म्हणजे आपला वरुणच तो,
समुद्र ओलांडताना कडा झिजलेला.
त्याचे बाण आखूड, जाड,
जूनच्या मध्यापर्यंत हमखास वळलेले.
एका बाणाशेजारी बारीक अक्षरात: मुलगी झाली.
तो गेला त्या दिवशीचाही आकडा आहे.
तो किमलेंगच्या हातचा. पहिला.

यंदा जुलैची सतरा, आणि बाण अजून खालीच.
वर कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणतात लोक.
मुरत कुठलं, अडलंय.
भिंतीमागे भिंत, दुसऱ्यांच्या देशांत,
आणि त्या भिंतींचे दिवे तिसऱ्याच कुणाच्या घरात.
तिकडे कोणी हवं तेव्हा पाणी सोडतं,
इकडे कोणी जाळ्यावर, होडीवर, पोराच्या शाळेवर
पाणी सोडतं.
त्यात रात्रभर वाळूच्या बोटी:
नदीचा तळच उपसून चालला शहराकडे.
तेवढंच पाणी आता खोल बसतं
आणि वर चढायचं त्राण त्याच्यात उरत नाही.

रस्मेई आली होती परवा, विद्यापीठातली,
बर्फाची पेटी आणि चिमटे घेऊन.
माशाचं डोकं उभं चिरून तिने
कानातला खडा काढला, तांदळाच्या कणीएवढा.
"यात वळी असतात, मावशी, झाडासारखी.
कुठल्या वर्षी कुठल्या पाण्यात होता, सगळं कळतं."
किमलेंगने खडा नखावर घेतला.
म्हणजे यानेही ठेवली होती वही.
"किती वर्षांची?"
"नऊ असतील."
"आणि शेवटच्या पानावर काय?"
"भिंगाखाली घालावं लागेल."
खडा कुपीत गेला.
डोकं चिंच घालून रश्शात.

आज संध्याकाळी तिने मूठभर तूस टाकलं पाण्यावर.
तूस जागच्या जागी.
थोडं फिरलं, स्वतःभोवती,
दार चुकलेल्या माणसासारखं,
आणि पुन्हा जागच्या जागी.
तिने आकडा लिहिला. बाणाचा रकाना कोरा.

नऊला फोन. नोम पेन्हहून, मुख्य कचेरीतून.
"ताई, वर की खाली?"
"थांबलंय."
"थांबल्याचा बाण नाही आमच्याकडे.
कॉम्प्युटर कोरं घेत नाही."
"मग त्यालाही सांगा, थांब."

पलीकडे बराच वेळ पंख्याची घरघर.
तिला वाटलं, ठेवला असेल.
"आमची आई," तो आवाज म्हणाला,
आता कचेरीतला नाही, लहान,
"केळीच्या सोपटावर दिवा सोडायची.
अंधारात तूस दिसत नाही, ताई. दिवा दिसतो."

किमलेंग काडेपेटी आणायला पायऱ्या चढते.
सोळा. सतरा. अठरा.
तेवढा वेळ पाणी काय करतंय
ते कोणीच बघत नाही.