नर ओळ

दुपारी तीनला आम्ही कळ्या सोलतो.
उद्या उमलणारी कळी आज बोटाला कळते.
अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि केसरांची नळी
एका झटक्यात काढायची,
मधली दांडी तेवढी उभी ठेवायची,
वर लाल कागद.
सकाळी नर ओळीतली फुलं टोपलीत आणायची,
एक फूल सहा दांड्यांना पुसायचं.
मग दोरा.
दोरा नसलेलं बोंड कंपनी घेत नाही.

बारा वर्षं देऊळगाव राजाच्या अंगाला
दुसऱ्यांच्या प्लॉटात हेच केलं.
माझा दोरा कुठं बांधलाय, कधी पाहिलं नाही.

गाठ टोपलीच्या पट्ट्याखाली लागली. हरभऱ्याएवढी.
पोळ्यापर्यंत सुपारी.
अकोल्याला सुईनं तुकडा घेतला,
कागदावर तीन वेळा 'निगेटिव्ह' लिहून आलं.
नवरा पेढे आणायला निघाला होता,
डॉक्टरनं त्याला खुर्चीत बसवलं.

सासू म्हणाली, हिच्या आईतलंच असंल.
आई मी नऊ वर्षांची असताना साप चावून गेली.
तिच्यावर काहीही टाकता येतं,
ती काही परत येऊन नाही म्हणत नाही.

लाल औषध चढायचं सलाईनमधून,
लघवीलाही तोच रंग,
कागद आठवायचा कळीवरचा.
तिसऱ्या फेरीला वेणी उशीवर राहिली.
वहिनीनं ती भांडीवालीला दिली नाही,
पेटीत ठेवली. काहून ठेवली, विचारलं नाही.

मग देशकर मॅडमनी कागदावर घराणं काढलं.
बाया गोल, पुरुष चौकोन.
कौतिका आत्याचा गोल काळा केला.
तिच्या छातीला वारूळ फुटलं होतं,
हळद आणि तंबाखूचं पान बांधून
तिनं दोन हंगाम निंदण काढलं. एक्केचाळिसाव्या वर्षी संपली.
तिच्या शेजारचा चौकोन आबांचा.
पांढरा.

रक्त हैदराबादला गेलं. उत्तर आलं.
मॅडमनी कागदाच्या पाठीवर लिहिलं:
सकाळी कपाशी फुलली झाडाला.
म्हणाल्या, पेशी तीन-तीन अक्षरांनी वाचते,
आता यातली दोनच गळाली समजा.
सकाळी कफुल लीझाडा ला
आणि पुढं वाचणारा थांबतो.
तुटलेलं सांधायचा निरोप होता तो.
अर्धाच पोचला.

आबा चौऱ्याहत्तरचे. त्यांचंही रक्त घेतलं.
तीच दोन अक्षरं नव्हती.
"पण मले तर काई झालं नाई," ते म्हणाले.
मॅडम शब्द शोधत होत्या.
आबांनी जन्मभर नर ओळीचीच फुलं तोडली,
त्यांना शोधावा लागला नाही.
"बोंड मादी ओळीले लागते," ते म्हणाले,
"बी दोघायचं."
आणि उठून बाहेर नळावर गेले.
एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना
आम्ही धुतो तसे हात धुतले.
धुतच राहिले.
मागं घागरी घेऊन बाया उभ्या होत्या.

आता दोन वेळा गोळी आहे.
गाठीच्या पेशीला एक सांधणी आधीच येत नाही,
गोळी तिची दुसरीही अडवते,
मग ती स्वतःच्या चिरफळ्यांनी मरते.
चांगल्या पेशीजवळ अजून एक सुई असते.
मला हे आवडलं. कुणाला सांगू, हे कळलं नाही.
उजवीकडे सपाट आहे. पदर घसरतो.
टोपली डाव्या खांद्यावर घेते.

आचल दिवाळीनंतर अठराची होईल.
तपासायचं की नाही, तिनं ठरवायचं.
फॉर्म तिच्या भौतिकच्या पुस्तकात आहे,
कोरा. मी पाहिला, तिला ठाऊक नाही.
किंवा असेल.
आबा तिच्याशी बोलताना हल्ली खाली बघतात,
ती मुद्दाम त्यांच्याच ताटात जेवते.

परवा सुट्टीला ती प्लॉटात आली,
माझ्या ओळीत वाकली,
एक कळी दोन बोटांत धरून म्हणाली,
"आई, ही उद्याची का परवाची?"

मी म्हटलं, मला नको विचारू.
नख लावू नको अजून.
नुसती धरून बघ.