निळ्या चकत्या

दुकानाच्या दारात, ट्रॉल्यांच्या रांगेला लागून
काचेची तीन नळकांडी.
पहिल्यावर लाइफबोटीचं चित्र,
दुसऱ्यावर किनाऱ्यावरून निवृत्त झालेली गाढवं,
तिसऱ्यावर नुसतीच अक्षरं:
गुरुवारचं जेवण, चॅपलमागचा हॉल, एकट्यांसाठी.
एकट्यांचं चित्र कसं काढायचं
ते कार्डिफच्या ऑफिसात कुणाला सुचलं नसावं.

एका बिलामागे एक चकती.
टाका वाटेल तिथे. मुदत सहा आठवडे.
पहिल्याला चार हजार पाउंड, दुसऱ्याला दोन,
तिसऱ्याला पाचशे
आणि कंपनीच्या हार्दिक शुभेच्छा.

मी दोन नंबरच्या गल्ल्यावर.
चकत्यांचा डबा माझ्या उजव्या हाताशी.
कोण कुणाला मत देतं ते इथून दिसतं, न बघायचं ठरवलं तरी.
पोरं गाढवांना. त्यात वादच नाही.
आयांनी कडेवर उचलून धरायचं,
चकती खडखडत तळाला जायची,
की पोर म्हणणार, अजून एक.
मासेमारीवाले लाइफबोटीला, मान वर न करता,
धक्क्यावरच्या नावांच्या दगडापाशी
टोपी आपोआप निघते तसं.
ग्लेनिस तिन्ही पाट्या पहिल्यापासून वाचते,
मागे रांग खोळंबते,
शेवटी चकती पर्समध्ये टाकून घरी नेते.

आणि इदवल.
सकाळी येतो, एक कांदा घेतो.
बिल. चकती.
बाहेर जाऊन परत येतो. एक गाजर.
बिल. चकती.
दुपारी काडेपेटी. चारला एक बटाटा, तोही निवडून लहानातला.
म्हटलं, इदवल, एकदाच घ्या की सगळं.
म्हणाला, एकदाच घेतलं तर एकच मत.
मग सुटे पैसे मोजता मोजता,
आणि पुन्हा यायला काही निमित्त नको?

मेअर गेल्यापासून तो गुरुवारी त्या हॉलात जेवतो.
गावाला ठाऊक आहे, तोही लपवत नाही.
मी आपली धरून चालले होते.
पाचव्या आठवड्यात ट्रॉल्या लावायला दाराशी गेले
तर कांद्याची चकती गाढवांना,
गाजराची लाइफबोटीला,
बटाट्याची पुन्हा गाढवांना.
अहो, आणि तुमचं? बघा ते,
चार बोटंसुद्धा भरलं नाही.
ऐंशी वर्षांचा माणूस कानांपर्यंत लाल झाला.
म्हणाला, जेवायला बसलेल्यानं
डाव आपल्या हातात घ्यायचा नसतो.

शेवटच्या शनिवारी, शटर ओढल्यावर
मोजायचं काम मॅनेजरचं आणि माझं.
मॅनेजर फोनवर, मागच्या खोलीत.
डब्यात शंभरेक चकत्या उरलेल्या,
कुणी न केलेल्या खरेदीच्या.
सांगूनच टाकते, मी ओंजळ भरली
आणि ओतली. तिसऱ्यात. सगळी.
केवढा आवाज झाला.

तरी तिसराच नंबर.
गाढवं दीड हजारांनी पुढे.
माझ्या पापालासुद्धा बरकत नव्हती.

चेक आला तो पुठ्ठ्याचा, दारापेक्षा रुंद.
आडवा, तिरका, कसाही आत जाईना.
फोटोवाला म्हणाला, बाहेरच घेऊ,
वारा होता, तिघांनी धरून ठेवला.
खरे पाचशे नंतर बँकेत आले,
त्यात हॉलचा बॉयलर दुरुस्त झाला, निम्मा.
पुठ्ठा मधोमध कापून
फुटक्या खिडकीला लावलाय आतून.
अर्धं नाव कंपनीचं, अर्धे आकडे.
वारा अडवतो, हे मात्र खरं.

ग्लेनिसच्या पर्समध्ये एकतीस चकत्या आहेत.
अजून ठरत नाही म्हणते.

नळकांडी गेली. दाराशी फरशीवर
तीन गोल डाग राहिलेत, पुसून जात नाहीत.
आज सकाळी इदवल आला. एक कांदा.
मी बिल दिलं.
त्याचा तळहात तसाच, उघडा, काउंटरवर.
आता चकती नसते हो, इदवल.
माहीत आहे, म्हणाला,
आणि गाजर आणायला वळला.