सहा नंबरची गिट्टी

पहिला खिळा वाकला.
दुसरा उडून कपाटाखाली गेला, अजून सापडला नाही.
तिसऱ्यानं भिंतीतून ठिणगी काढली
आणि माझ्या अंगठ्याचं नख निळं केलं.
जिन्यात उभी राहून नागमणी म्हणाली,
प्लास्टर नाही ते, आत बीम आहे.
मामंजींनी गच्च भरलाय.

गच्च भरलाय हे खरं.
एक्याऐंशी साली सिमेंट परमिटवर मिळायचं.
नानांनी आत्याचं घर दाखवून पोती उचलली,
आत्या तेव्हा भिवंडीत भाड्यानं राहत होती.
पूर्व भागातल्या या बोळात
आठ मागांसाठी बत्तीस बोल्ट जमिनीत पुरले,
खाली वाकवलेले, वर आट्यांचे,
कधी हलणार नाहीत असे.

ते हलले नाहीत.
माग गेले. भंगारवाल्यानं नट सोडवले
आणि किलोच्या भावानं सगळं टेम्पोत टाकलं.
फरशीवर दोन-दोन बोटं शेंडे राहिले.
रात्री पाण्याची मोटर लावायला जाताना
आम्ही त्यांना पायांनी ओळखतो.

घरात खिळ्याला मेकु म्हणायचे.
शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं,
खरी मेख इथेच आहे. वाक्यात उपयोग करा.
मी लिहिलं, आमच्या भिंतीत मेख जात नाही.
चूक धरलं.
समोरचे चन्नबसप्पा त्यालाच मोळे म्हणत.
भिंत तिन्ही भाषांत तशीच.

मग जिलानी नदाफ आला,
टॉवेलात गुंडाळलेलं ड्रिल घेऊन.
टॉवेलाची किनार ओळखीची वाटली, विचारलं नाही.
भोकाला पंधरा, तो म्हणाला,
सळी लागली तर भोक सरकवायचं, पैसे दोन्हींचे.
माझे तीन वाकडे खिळे बघून हसला.
ठोकून काय होतंय बे, जागा करून द्यावी लागते.

मे महिना, दुपारचे दोन, पत्रा तापलेला,
लाईट कधी जाईल सांगता येत नाही.
गणवेशांच्या रॅकला आठ भोकं हवी होती.
नागमणीनं खाली वर्तमानपत्राचा द्रोण धरला.
आधी पांढरी भुकटी, मग करडी,
मग सीनेची वाळू, गार,
चाळीसहून जास्त वर्षं उजेड न बघितलेली.
जिलानी नळीनं फुंकायचा, डोळे मिटून,
सहा नंबरची गिट्टी बसवायचा,
हातोडीच्या दोन हलक्या टिचक्या,
आणि स्क्रू फिरायला लागला की
आत कुठंतरी प्लास्टिक फुगून भिंतीला धरायचं.
दिसायचं काहीच नाही. मनगटाला कळायचं.

पाचव्या भोकाला ड्रिल किंचाळलं. सळी.
जिलानीनं हात मागे घेतला,
टोक निळं पडलेलं दाखवलं.
नुसतं भोक राहिलं, बोटभर खोल, कशाचंच नाही.

तेवढ्यात नाना जिन्यातून खाली आले.
मागांनी त्यांचे कान कधीच नेलेत,
दारावरची बेल ऐकू येत नाही,
आमचं भांडण ऐकू येत नाही.
वर भिंतीला पाठ टेकून बसले होते.
हात पुसत, घाईघाईनं, म्हणाले,
ए मग्गम? कुठला माग लावला?

कुणी बोललं नाही. जिलानीनं ड्रिल लपवल्यासारखं
टॉवेलाखाली सरकवलं.
नानांनी ड्रिल पाहिलं, रॅक पाहिलं,
मग खाली बसून एका बोल्टाची आटी
नखानं खरवडायला लागले.

ग्राइंडर आणतो उद्या, जिलानी मला हळूच म्हणाला,
बोल्टाला पंचवीस, फरशी साफ करून देतो.
हळू बोलायची गरज नव्हती.
नागमणी म्हणाली, थांबा.
कटिंगचं टेबल ओढून आणलं,
त्याच्या पायांच्या पट्ट्या बोल्टांवर धरून पाहिल्या.
चारातल्या दोन जुळल्या.
नानांनी शिलाई मशीनचं तेल सोडलं,
नट बोटांनी फिरवत नेला शेवटपर्यंत,
पाना मागितला नाही.

दोन बोल्ट लागले. तीस उरलेत.
ग्राइंडरचं अजून ठरलेलं नाही.
जिलानीला नऊ भोकांचे पैसे दिले.
सळीवर अडलेल्या त्या भोकात
नागमणी आता मापाची पेन्सिल खोचते.