राखीव

नौपाड्यातल्या दुकानात सहा कॅसेटी दिल्या.
बुरशी पुसून, पेन ड्राइव्हवर घालून मिळाल्या,
एकेकीचे चारशे रुपये.
पोरगा म्हणाला, काका, सगळ्यांवर एकच तारीख येतेय.

हो. एक जानेवारी चौऱ्याण्णव.
कॅमेरा चेंदवणकरच्या आत्याचा, दुबईहून आलेला,
त्याचं घड्याळ आम्हाला कुणाला लावता आलं नाही.
म्हणून वर्षभर आम्ही एकाच दिवशी वल्ही मारली,
एकाच दिवशी वागळे इस्टेटला पासपोर्टसाठी उभे राहिलो,
एकाच दिवशी हरलो.

बाळकुम. ओहोटी.
गुडघाभर चिखलातून होडी चालत येते,
तिला आठ पाय, त्यातल्या एकात चप्पल नाही.
मढवी, केणी, एल्टन परेरा,
आणि पुढचा तो उंच, ज्याच्या नावासाठी
मला कॅसेट दोनदा मागे न्यावी लागली.
सोष्टे. गिरिधर सोष्टे.
मागून पाष्टे सर, पँट दुमडलेली, शिट्टी दातांत.

केणीचे वडील रेतीच्या होडीवरून ओरडतात,
"ही कंची रं होरी? जावाचा फुरं, न त्वांड मांगं?"
कुणी उत्तर देत नाही.
चौघं पाठमोरे कशेळीच्या पुलाकडे निघतात,
डोळे मात्र सोडलेल्या काठावर.
पुढचं बघायचं ते एकट्या चेंदवणकरनं.
सत्तेचाळीस किलो, आणि आवाज भोंग्यासारखा.

मी सहावा.
कुणाला ताप आला तर मी.
वाट पाहिली, खोटं कशाला बोलू.
रात्री मढवीच्या खोकल्याकडे कान लावून झोपलो आहे.
त्याचा खोकला बरा झाला.
सर म्हणाले, तू हे धर,
आणि हातात कॅमेरा दिला.

तिसरी कॅसेट: सोष्टेच्या गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष
पाच हजार एकचा चेक तीनदा देतो,
कारण पहिल्या दोन वेळेला मी बटण दाबलं नव्हतं.
टी-शर्टवर 'भारत' लहान, 'सुयोग पेंट्स' मोठं.
केणीची आई बॅगेत सुके बोंबील कोंबते,
केणी काढतो, ती कोंबते,
कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, हे नको घेऊ रे.

कोलंबोच्या विमानतळावर
अधिकारी ती बॅग उघडतो, नाक आत घालतो,
आणि घरचं कुणी भेटल्यासारखा हसतो.

मग पाचवी. शर्यत.
मी ती आजवर कुणाला दाखवली नाही.
सात मिनिटं चाळीस सेकंद नुसतं गवत.
गवत, माझा डावा बूट, गवत, कुणाची तरी सायकल, आभाळ, गवत.
मी काठानं पळत होतो, कॅमेरा हातात लटकत होता, चालू.
होडी एकदाही दिसत नाही.
ऐकू येतो तो एक फाटका आवाज,
घे… ओढ… घे… ओढ…
चेंदवणकरचा वाटला मला.
दुकानातला पोरगा म्हणाला, काका, हे तुम्हीच ना?

सात देशांत सातवे.

शेवटी चित्र पुन्हा सरळ होतं.
चौघं होडीतच बसलेत, उतरत नाहीत.
वल्ही पाण्यावर टाकून दिलेली.
मी झूम करतो. एल्टन थेट माझ्याकडे बघतो
आणि काहीतरी बोलतो.
अंतर फार, आवाज नाही, फक्त ओठ.
वीसेक वेळा पाहिलं.
तू पण, असं असेल? तू कुठं, असं?

काल वसईला फोन लावला.
बावीस वर्षांनी. मागे कुकरच्या शिट्ट्या.
एल्टन म्हणाला, बंद कर म्हणत असेन रे, दुसरं काय.

मी बंद केला नव्हता.
पुढे अकरा मिनिटं पाणी आहे.